पिवळा मागूर, लाल चट्ट्यांची मरळ : माशांचे रंग का बदलतात?



पाड्यांजवळच्या तळ्यात कधी पिवळाधमक मागूर जाळ्यात येतो, तर कधी अंगावर लाल चट्टे असलेली मरळ. दोन्ही वेळा लोक मला विचारतात, "हा खायचा का?" पिवळा मासा अपशकुनी म्हणून फेकला जातो आणि चट्ट्यांची मरळ मात्र खराब भाग कापून शिजवली जाते. खरे पाहता काळजी उलट करायला हवी. म्हणून हा विषय थोडक्यात सांगतो.

माशाचा रंग त्याच्या कातडीतील रंगपेशींमुळे दिसतो. काही पेशींत काळे द्रव्य असते, काहींत पिवळे-तांबडे, तर काहींत चकाकणारे बारीक स्फटिक. जन्मतःच काळे द्रव्य तयार झाले नाही, तर मासा पांढरा, गुलाबी किंवा पिवळा दिसतो. त्याचे डोळेही पुष्कळदा लाल असतात. हा रोग नव्हे, आनुवंशिक फरक आहे. असे मासे ओढ्यानाल्यात क्वचितच मोठे होतात, कारण बगळ्याला ते लांबून दिसतात. माणसाने जपले तर मात्र रंग टिकतो. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी साध्या माशांतील तांबूस पिल्ले निवडून वाढवली गेली; आजचा गोल्डफिश त्यांचाच वंशज.

दुसरे कारण पाणी आणि अन्न. गढूळ पाण्यात मासा फिकट पडतो, काळसर तळ असेल तर गडद होतो. डोळ्यांनी तळ पाहून तो रंग जुळवतो. म्हणून आंधळा झालेला मासा बरेचदा काळपट दिसतो. तांबड्या-पिवळ्या रंगाचे बरेचसे द्रव्य त्याला शेवाळ, किडे व झिंगे खाऊन मिळते. विणीच्या हंगामात कित्येक जातींचे नर अधिक रंगतात. यातले काहीही खाणाऱ्याला अपायकारक नाही.

तिसरे कारण रोग. लाल चट्टे व खोल जखमा करणारा रोग १९८८ मध्ये ईशान्य भारतात आला आणि पुढे देशभर पसरला. पाण्यातील एक बुरशीसारखा जीव तो घडवतो. पावसाळा संपून थंडी पडू लागली की त्याचा जोर वाढतो, आणि मरळ त्याला लवकर बळी पडते. त्या वेळी घाबरून लोकांनी चांगले मासेही घेणे सोडले आणि मासेमारांच्या घरची चूल थंडावली. हा रोग माणसाला होत नाही. तरी जखमी मासा खाऊ नये, कारण जखमेत इतर जंतू वाढतात.

तेव्हा नुसता रंग पाहू नका. कातडी अखंड, कल्ले लालभडक आणि मासा चपळ असेल, तर तो पिवळा असला तरी बिनधास्त शिजवा. जखमा, कापसासारखी बुरशी किंवा तपकिरी कल्ले दिसले तर टाळा. एकाच वेळी अनेक मासे मरून तरंगले, तर मासे खाऊ नका, ते पाणी गुरांनाही पाजू नका आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. तळ्यात चुना टाकायचा तर त्यांना प्रमाण विचारूनच टाका. रोगट तळ्यात वापरलेले जाळे कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.