थोड्या पाण्यात गालिच्याची स्वच्छता

धान्याच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ओलीचे भय निराळे समजावून सांगावे लागत नाही. दाणा दाताखाली धरला असता कट्‌कन तुटला म्हणजे माल वखारीत भरण्यास योग्य, आणि नुसता दबला म्हणजे तो अजून उन्हात पडावयास हवा, ही परीक्षा आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविली. गव्हात वा ज्वारीत शेकडा १२ च्या सुमारास ओलावा असेल तर माल टिकतो. तोच १४ च्या वर गेला की प्रथम ऊब, मग वास आणि शेवटी बुरशी व कीड असा क्रम ठरलेला आहे. हाच न्याय गालिच्यालाही लागू पडतो, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मळ झाला की पाणी ओतावे, ही समजूत कापडापुरती ठीक आहे. गालिच्याच्या बाबतीत ती घातक ठरते.

आपल्या पेढीवर नवलगुंदचा सुती जमखाना असेल, घरी मिर्झापूर-भदोहीकडील लोकरीचा गालिचा असेल, आणि समाजाच्या सभागृहात तर एखाद्या कुटुंबाने पूर्वजांच्या स्मरणार्थ अर्पण केलेले मोठे गालिचे असतात. या वस्तूंचा सर्वांत अधिक वापर होतो तो चातुर्मासात, म्हणजे नेमका हवेत ओल भरलेली असते त्या काळात. बेळगावकडे आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अशा वेळी एका सभागृहातील गालिचा पर्युषणापूर्वी स्वच्छ असावा म्हणून नळी लावून धुतला, वरून कोरडा भासताच गुंडाळून ठेविला, आणि पर्वाच्या आदल्या दिवशी उलगडला तेव्हा त्याच्या पाठीवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली होती. हेतू शुद्ध होता. पण गालिचा कायमचा गेला, आणि जीवहिंसा घडली ती निराळीच.

याचे कारण गालिच्याच्या घडणीत आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते. हाताने गाठी मारलेल्या बहुतेक गालिच्यांत उभे-आडवे धागे सुताचे असतात व यंत्रावर विणलेल्या कित्येकांत खाली ताग असतो. हे दोन्ही पाणी धरून ठेवतात. पुढे सुकताना, दिव्याच्या वातीतून तेल चढावे त्याप्रमाणे, ते पाणी तळाचा मळ व तागाचा तपकिरी रंग घेऊन वर येते. म्हणून काल पुसलेला डाग आज पुन्हा उमटतो. रंग कच्चा असेल तर तोही फुटतो. शिवाय साधा साबण आत राहिला की धागे चिकट होतात व धूळ पूर्वीपेक्षा लवकर बसते.

यावर उपाय म्हणून परदेशांत व आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही, अल्प पाण्याच्या पद्धती धंदेवाईक स्वच्छताकार वापरतात. त्यांचे पहिले सूत्र असे की, गालिच्यातील बहुतांश मळ ही कोरडी धूळ व वाळूच असते, आणि ती कोरडी असतानाच काढावी; पाणी लागले की तिचा चिखल होतो. या कामाचे यंत्र ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअराने १९०१ साली सिद्ध केले. धूळ फुंकून उडविणारे यंत्र पाहून, ती उडविण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असा विचार त्याने केला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकप्रसंगी वेस्टमिन्स्टर ॲबीतील सिंहासनाखालचा गालिचा त्याच्याच यंत्राने स्वच्छ झाला. आजचा व्हॅक्यूम क्लीनर तो हाच. तो उभा-आडवा, दोन्ही दिशांनी सावकाश फिरवावा.

धूळ निघाल्यावर पुढील तीन पद्धतींपैकी एक योजतात. पहिलीत दमट केलेली भुकटी पसरतात. ही लाकडाच्या भुशासारख्या शोषक पदार्थाची असून तीत थोडे स्वच्छक द्रव्य असते. ती कुंचल्याने धाग्यांत घोळवावयाची, मळ शोषू द्यावयाचा, आणि मग यंत्राने ओढून घ्यावयाची. दुसरीत हलका फवारा मारून, फिरत्या यंत्राखाली सुती वा तत्सम जाड गादी लावून मळ पुसून घेतात. गादी मळली की उलटावी व बदलावी, नाहीतर एका जागेचा मळ दुसरीकडे जातो. तिसरी पद्धत एन्कॅप्सुलेशनची. तिच्या द्रावणातील पॉलिमर सुकताना मळाच्या कणाभोवती कवच धरतो व त्याचा ठिसूळ, कोरडा कण बनतो. हे कण पुढील वेळच्या कोरड्या सफाईत निघून जातात, चिकटपणा मागे उरत नाही. हवा खेळती असेल तर या पद्धतींनी गालिचा साधारणतः एक-दोन तासांत वापरण्याजोगा होतो. भिजवून धुतलेल्याला पावसाळ्यात एक दिवसही पुरत नाही.

काम देण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. कोपऱ्यातील एक धागा जाळून पाहावा: लोकर जळलेल्या केसासारखी वास मारते, सूत कागदासारखे जळते, आणि नायलॉन वितळून त्याची गुठळी होते. पांढरे ओले फडके कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का ते तपासावे. लोकरीवर सोडा अथवा क्लोरीनचे द्रव्य कदापि वापरू देऊ नये. त्याने लोकरीचा नाश होतो. हाताच्या विणीवर कडक कुंचल्याचे यंत्रही नको.

या पद्धतींना मर्यादाही आहेत. वर्षानुवर्षे साचलेला तेलकट मळ, सांडलेले दूध किंवा मूत्र यांना खोल धुलाईच लागते. ती उन्हाळ्यात, जाणत्या माणसाकडून व पूर्ण सुकेपर्यंत लक्ष ठेवून करावी. अल्प पाण्याची सफाई ही नित्याची राखण होय.

आपल्या धर्मदृष्टीने या विषयाचे महत्त्व विशेष आहे. पाण्याचा एकेक थेंब अप्कायिक जीवांचा समूह मानून ते गाळून व मोजून वापरणारा आपला समाज. त्याने सभागृहाच्या अंगणात पाण्याचे लोट वाहू द्यावेत, हे शोभत नाही. ओलीत बुरशी उपजते, तशी अंधारात पडून राहिलेल्या मळक्या लोकरीत कसर लागते, आणि मग औषध फवारण्याची पाळी येते. धान्याच्या वखारीत आपण जाणतोच की, जीव मारण्यापेक्षा तो उत्पन्नच होऊ न देणे हा खरा यत्नाचार. कोरडा, हवेशीर, नित्य झाडलेला गालिचा ही अहिंसेचीच साधना आहे.

आपल्या तरुणांपैकी कोणी हा व्यवसाय पत्करील तर त्यास भांडवल माफक लागेल. पण सचोटी मात्र पुष्कळ लागेल. यातील सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे आरंभीची कोरडी सफाई, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाही. ती टाळून वरवर फवारा मारणे सोपे असते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाची गणना आहे; न केलेल्या श्रमाचे दाम घेणे हेही खोटे मापच. आणि गिऱ्हाइकानेही केवळ चौरस फुटाचा स्वस्त दर पाहून काम देऊ नये, कारण पुरेसा मोबदला नसेल तर वेळ वाचविला जातो तो नेमका याच ठिकाणी.

चातुर्मासास अवकाश आहे तोवरच सभागृहांच्या व्यवस्थापकांनी आपले गालिचे एकदा उलटून पाहावेत, पाठीवरून हात फिरवावा व वास घ्यावा. धान्याची पारख करणाऱ्या हातांना ओल ओळखण्यास अन्य साधन नको. पूर्वजांच्या नावे अर्पण केलेली वस्तू पुढील पिढीच्या पायांखाली धडपणे पोचविणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.