रोपमाध्यम, फळझाडांचे
फळझाडाचे बी रुजविण्यासाठी आणि रोप कायम जागी लावीपर्यंत वाढविण्यासाठी पिशवीत, कुंडीत वा गादी वाफ्यात जो पदार्थ किंवा पदार्थांचे मिश्रण भरतात, त्याला रोपमाध्यम म्हणतात. पोयट्याची माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण सर्वत्र रूढ आहे. त्याच्या जोडीला कुजलेला पालापाचोळा, गांडूळखत, भाताचे तूस, नारळाच्या काथ्याचा भुसा यांचाही वापर होतो.

अंकुरणाला पाणी, उष्णता व ऑक्सिजन लागतो. बाहेरच्या अन्नाची गरज प्रारंभी फारशी नसते. आंब्याच्या कोयीतील व फणसाच्या आठळीतील जाड दलिकांत रोपाला काही आठवडे पुरेल इतका अन्नसाठा असतो. त्यामुळे खत जितके अधिक तितके रोप जोमदार, ही समजूत या अवस्थेला लागू पडत नाही. उलट, अर्धवट कुजलेल्या शेणखतामुळे माध्यम तापते आणि क्षारांचे प्रमाण वाढले, तर बी पाणी शोषू शकत नाही. पपईचे बी लहान असते. त्याच्यावरील बुळबुळीत आवरणात अंकुरणरोधक द्रव्ये असल्याने ते चोळून व धुवून पेरतात. रोपाला अन्नद्रव्येही लवकर लागतात.

आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया सुकल्या की त्यांची रुजण्याची शक्ती जाते. आंब्याची कोय सुमारे महिनाभरातच निरुपयोगी होऊ लागते. त्यामुळे पेरणी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर करावी लागते व माध्यमाची खरी कसोटी तेथेच लागते. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तालुक्याच्या पश्चिमेस कोयनानगर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ५,००० मिमी. पाऊस पडतो, पूर्वेकडे तो झपाट्याने घटतो. सड्यांवर जांभा व तांबडी माती, तर नदीखोऱ्यांत चिकण अंश अधिक असलेली माती आढळते. अशी भारी माती पिशवीत भरल्यास ती शेतातल्यापेक्षा वाईट वागते. पिशवीच्या तळाखाली सलग माती नसल्याने सूक्ष्म रंध्रांतील पाणी खाली ओढले जात नाही व तळाचा थर चिंब राहतो. पिशवी जितकी उथळ, तितका हा दोष मोठा. हवेअभावी कोय कुजते. रुजलीच, तर पिथियमसारख्या रोगकारकांमुळे रोप बुंध्याशी कोलमडते.

भरड वाळू व अर्धवट जाळलेले भाताचे तूस मिसळल्याने मोठी रंध्रे वाढतात. भाताच्या मुलखात तूस सहज मिळते. मात्र त्याची पांढरी राख अल्कधर्मी असल्याने ती बेताने घालावी लागते. काथ्याचा भुसा हलका असून पाणी भरपूर धरतो. उन्हाळ्यात हा गुण ठरतो. उघड्यावरच्या पावसाळी रोपवाटिकेत तोच अवगुण होतो. त्यातील क्षार आधी धुवून काढणे आवश्यक असते. लाकडाचा कच्चा भुसा कुजताना सूक्ष्मजीव नायट्रोजन वापरून टाकतात व रोपे पिवळी पडतात. एका ठिकाणी यशस्वी ठरलेले प्रमाण दुसरीकडे फसते, ते बहुधा पाऊस व पाणी देण्याच्या पद्धतीतील फरकामुळे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) प्रसृत केलेल्या आंब्याच्या कोय कलमात माध्यमाचे महत्त्व विशेष जाणवते. रोप अवघ्या दोन आठवड्यांचे, तांबूस पानांचे असताना कलम बांधतात. म्हणून कोयी एकसारख्या रुजणे व खोड सरळ असणे गरजेचे असते. कोयीची अंतर्वक्र कड खाली ठेवून भुसभुशीत माध्यमात पेरल्यास खोड वाकडे होत नाही.

पिशव्या भरण्यापूर्वी एप्रिल-मेमध्ये ओलसर मिश्रण पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापविल्यास पुष्कळ रोगकारके व तणांचे बी मरते. वाळूचे प्रमाण फार वाढविणेही इष्ट नाही. लागवडीच्या वेळी पिशवी फाडताच मुळांभोवतीचा गोळा सुटतो आणि डोंगरउतारावर पोहोचेपर्यंत रोपाची बारीक मुळे तुटून सुकलेली असतात.