वावराचा धुरा आणि गावाचा रस्ता

गाव वाढते म्हणजे घरे वाढतात, हे सर्वांना दिसते. पण त्या घरांमधले रस्ते एकमेकांना मिळतात की नाही, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढच्या तीन पिढ्यांची पायपीट मात्र त्यावरच ठरते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव घ्या. कापसाच्या व्यापारासाठी 1870 साली जलंबहून तिथे आगगाडीचा फाटा आला. बाजारपेठ म्हटली की गाडी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघाली पाहिजे. म्हणून जुन्या पेठेतली गल्ली अरुंद असेल, वाकडी असेल, पण ती बहुधा कुठेतरी निघते.

आता कोणत्याही वाढत्या गावाच्या कडेला चला. काल तिथे वावरे होती. एकाने वावर अकृषिक करून प्लॉट पाडले, मधून रस्ता काढला. पाच वर्षांनी शेजाऱ्यानेही तेच केले. पहिल्याचा रस्ता धुऱ्यापाशी थांबला, दुसऱ्याचाही तिथेच अडला आणि मध्ये भिंत आली. दोन घरे पन्नास पावलांवर; पण जायचे तर आधी मोठ्या सडकेवर या, मग पुढच्या फाट्याने आत शिरा! शाळेची पोरे त्याच सडकेवर, ट्रकही त्याच सडकेवर. आग लागली तर बंबालाही तोच वळसा.

हे मोजता येते. शिक्षक बंधुभगिनींनी मुलांकडून जरूर करवावे. वस्तीचा नकाशा काढा. चौकाला 4, तिठ्याला 3 आणि बंद गल्लीच्या टोकाला 1 गुण द्या. समजा, 4 चौक, 2 तिठे आणि 4 बंद टोके निघाली. बेरीज 26, जागा 10, सरासरी 2.6. आकडा जितका मोठा, तितके रस्ते अधिक जोडलेले.

अमेरिकेत रॅडबर्न येथे 1929 साली मोटारींपासून मुले सुरक्षित राहावीत म्हणून मुद्दाम बंद गल्ल्या केल्या. पण पायी जाणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा ठेवल्या. पुढे अनेकांनी गल्ल्या उचलल्या, वाटा विसरल्या. तिथल्या नव्या वस्त्यांतले रस्ते 1994 च्या सुमारापर्यंत तुटकच होत गेले. त्यानंतर पुन्हा जोडले जाऊ लागले.

आपल्याकडे 1966 च्या नगररचना कायद्याने नगरपालिकेला विकास योजनेत रस्ते आधी आखता येतात आणि त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. तो नकाशा जरूर पाहावा. घरे मागाहून नियमित करता येतात, 2001 चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच झाला. पण उभ्या भिंतीतून रस्ता काढणे फार कठीण.

म्हणून वावराचे प्लॉट पाडताना रस्ता धुऱ्यापर्यंत नेऊन उघडा ठेवावा आणि शेजाऱ्याशी आधी बोलावे. मोठा रस्ता जमत नसेल, तर निदान पायी जाण्यापुरती बोळ तरी सोडावी. पोरांना शाळेत जायला तेवढीही पुरते.