उपग्रहाचं घड्याळ आणि थळची भरती

रिमोट सेन्सिंगमध्ये संशोधन करायचं ठरवलं असेल, तर पहिल्या वर्षात एक नकाशा तुमच्या हातून नक्की होणार. जुनी उपग्रह-प्रतिमा, नवी उपग्रह-प्रतिमा आणि दोन्हींतला फरक लाल रंगात. मीही केला. माझा नकाशा अलिबाग तालुक्यातल्या थळच्या किनाऱ्याचा होता आणि त्यात समुद्र साठेक मीटर आत सरकलेला दिसत होता. मी खूश! थिसिसचा पहिला निष्कर्ष मिळाला असं वाटलं.

मग प्रत्यक्ष पाहणीला थळला गेले. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना नकाशाची प्रिंट दाखवली. त्यांनी ती नीट न्याहाळली आणि एकच प्रश्न विचारला, "पोरी, या दोन्ही फोटोंच्या दिवशी तिथी कुठली होती?"

माझ्याकडे तारीख होती, ढगांची टक्केवारी होती, सूर्याचा कोनसुद्धा होता. तिथी नव्हती. परत येऊन पंचांग पाहिलं. जुनी प्रतिमा अष्टमीची, नवी पौर्णिमेची. समुद्र आत सरकलाच नव्हता. दुसऱ्या फोटोच्या वेळी नुसती भरती होती.

ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी उपग्रहांची ओळख

"उपग्रहाचा डेटा वापरणार" असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणं म्हणजे "वाहनाने जाणार" असं म्हणण्यासारखं आहे. बैलगाडी की विमान, ते सांगायला हवं.

इन्सॅट-3डीसारखा उपग्रह भूस्थिर असतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवरून तो पृथ्वीच्या त्याच भागाकडे सतत बघत असतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा अशा उपग्रहांमुळेच त्याचा प्रवास तासातासाला पाहता आला. पण त्याचा दृश्य प्रकाशातला एक पिक्सेल साधारण एक किलोमीटरचा असतो. वादळासाठी ते पुरेसं आहे, पण थळची पुळण त्या एका पिक्सेलमध्येच हरवून जाते.

किनारा बघायचा तर लँडसॅट किंवा सेंटिनेल-2 घ्यावा लागतो. हे 700 ते 800 किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ ध्रुवांवरून फिरतात. लँडसॅटचा पिक्सेल 30 मीटरचा, सेंटिनेल-2 चा 10 मीटरचा. बारकावा मिळतो, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. लँडसॅट मालिकेतला एक उपग्रह त्याच जागेवर 16 दिवसांनी परत येतो. सेंटिनेल-2 ची जोडी मिळून पाच दिवसांनी.

बारीक बघणारा क्वचित येतो आणि सतत बघणारा जाडंभरडं बघतो. तुमच्या प्रश्नाला यातलं काय हवं, हे आधी ठरवा.

एक घड्याळ सूर्याचं, एक चंद्राचं

आता मुख्य मुद्दा. लँडसॅट आणि सेंटिनेल-2 सूर्यसमकालिक कक्षेत फिरतात. म्हणजे कुठल्याही ठिकाणावरून ते रोजच्या सौरवेळेनुसार ठरावीक सुमारासच जातात, सकाळी दहा ते साडेदहाच्या आसपास. हे मुद्दाम केलेलं असतं. सावल्या आणि प्रकाश सारखे असले, की वेगवेगळ्या दिवसांच्या प्रतिमांची तुलना सोपी जाते. थळ भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्या घड्याळात ही वेळ पावणेअकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान येते.

समुद्र मात्र चंद्राचं ऐकतो. भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर यासाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, म्हणून हीच वेळ सकाळची आणि संध्याकाळची, किंवा दुपारची आणि रात्रीची. हा अंदाज आहे, पण कामाचा आहे.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे उधाणाला, उपग्रह येतो तेव्हा भरती जवळजवळ पूर्ण झालेली असते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, तो येतो तेव्हा ओहोटी असते. उधाणाची सर्वांत खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास होते, आणि त्या वेळी हे उपग्रह थळवर कधीच नसतात. तुम्ही वीस वर्षांच्या प्रतिमा गोळा केल्यात, तरी ती ओहोटी त्यात सापडणार नाही. डेटा वाढवून हा दोष जात नाही, कारण तो कक्षेतच आहे.

पटत नसेल तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं उदाहरण घ्या. ओहोटीला लोक चालत जातात, भरतीला होडी लागते. एकाच प्रतिमेवरून "हा किल्ला बेट आहे" असं लिहिणारा संशोधक चुकीचा डेटा वापरत नसतो. तो अपुरा प्रश्न विचारत असतो.

साठ मीटर आले कुठून?

साधं गणित आहे. पुळणीचा उतार 30 मीटरला 1 मीटर धरा. दोन प्रतिमांच्या वेळी पाण्याच्या पातळीत 2 मीटरचा फरक असेल, तर पाण्याची कड 60 मीटर सरकते. लँडसॅटचे दोन पिक्सेल, सेंटिनेल-2 चे सहा. वाळूचा एक कण न हलता!

यात ऋतूची भर पडते. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, पुढच्या महिन्यांत ती हळूहळू परत येते. म्हणजे ऑक्टोबरची प्रतिमा मेच्या प्रतिमेशी ताडली, की धूप झाल्याचा किंवा भर पडल्याचा आभास तयार.

हे फक्त गुणांपुरतं नाही. किनाऱ्यावर कुठे काय बांधता येईल, हे सीआरझेडच्या नियमांत भरतीरेषेवरून ठरतं. कोळीवाड्यातलं घर, मासळी सुकवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, सगळं त्या रेषेच्या आसपासच असतं. तुमचा लाल रंगाचा नकाशा उद्या कुणीतरी पुरावा म्हणून टेबलावर ठेवू शकतो. तेव्हा तिथी विचारायला ते काका तिथे नसतील.

मग करायचं काय?

1. प्रत्येक प्रतिमेची नेमकी वेळ मेटाडेटातून काढा. ती जागतिक वेळेत असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका. त्या क्षणाची पाण्याची पातळी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यांवरून काढा. त्यात मुंबईचं अपोलो बंदर आहे.

2. सारख्या पातळीच्या आणि सारख्या महिन्याच्या प्रतिमांचीच तुलना करा. दोन प्रतिमांवर निष्कर्ष काढू नका.

3. पाण्याच्या कडेऐवजी वनस्पतींची कड वापरता येते का, ते बघा. ती रोज दोनदा हलत नाही.

4. खोल ओहोटी हवीच असेल तर रडार बघा. सेंटिनेल-1 आणि आपला ईओएस-04 हे पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमाराच्या कक्षेत आहेत, आणि रडारला ढग किंवा अंधार आडवा येत नाही. पण सावध: गुळगुळीत ओला चिखल रडारमध्ये शांत पाण्यासारखाच काळा दिसतो.

5. जीपीएस घेऊन किनाऱ्यावर चाला. निदान एकदा उधाणाच्या ओहोटीला.

माझा तो पहिला नकाशा मी फेकला नाही. सुधारित हिशेब केल्यावर साठ मीटरमधला बहुतेक फरक नाहीसा झाला. जो थोडा उरला, तो माझ्या पद्धतीच्या चुकीएवढाच होता. म्हणून त्या जागी मी "बदल सिद्ध होत नाही" असं लिहिलं. असं वाक्य लिहिताना सुरुवातीला फार जड जातं. पण व्हायवाला उभं राहिल्यावर आधार त्याचाच वाटतो.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक काम करा. तुमच्या आवडीच्या कुठल्याही किनाऱ्याच्या दहा प्रतिमा उतरवून घ्या आणि प्रत्येकीसमोर तारीख, वेळ, तिथी आणि पाण्याची पातळी असे चार रकाने भरा. एक संध्याकाळ जाईल. पण त्यानंतर कुणी तिथी विचारली, तर उत्तर तुमच्याकडे तयार असेल.