२० लाख फॉलोअर आणि न खपलेले ३६ टी-शर्ट

घरगुती मसाले करणाऱ्या ताई असोत, देवगडचे आंबा बागायतदार असोत की नुकताच कॅफे उघडलेला तरुण, सोशल मीडियावरून धंदा करायचा म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘आधी फॉलोअर वाढवा, गिऱ्हाईक आपोआप येईल.’ हा सल्ला शेजारीपाजारी फुकट मिळतो आणि हजारो रुपये घेणाऱ्या कार्यशाळांतही मिळतो. दोन्हीकडे तो तितकाच चुकीचा असतो. या सल्ल्यापायी छोटे व्यावसायिक रात्री जागून रील बनवतात आणि सकाळी आलेल्या चौकशीला उत्तर द्यायचे मात्र राहून जाते.

२०१९ साली अमेरिकेतील एका तरुण इन्स्टाग्राम इन्फ्लुएन्सरने स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला. तिचे फॉलोअर २० लाखांहून अधिक होते. उत्पादकाची अट साधी होती : सुरुवातीला किमान ३६ नग विकून दाखवा. तेवढेही खपले नाहीत आणि तिनेच ते इन्स्टाग्रामवर लिहून टाकले. त्यावर जगभर चर्चा झाली, लोक हसलेही. पण त्यात नवल काहीच नव्हते. फॉलो करायला अंगठ्याचा एक टॅप पुरतो. विकत घ्यायचे तर खिशात हात घालावा लागतो, आणि त्याआधी समोरच्यावर भरवसा बसावा लागतो.

शिवाय फॉलोअर आहेत म्हणून ते तुमची पोस्ट पाहतात, हेही खरे नाही. ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेने २०१४ मध्ये फेसबुकवरील ब्रँडच्या पानांचा अभ्यास केला. पैसे न भरता टाकलेली पोस्ट ऑक्टोबर २०१३ मध्ये सरासरी १२ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. पाच लाखांहून अधिक लाईक असलेल्या पानांची स्थिती आणखी वाईट होती : जेमतेम २ टक्के. म्हणजे पाच लाखांचा डंका पिटणाऱ्याची पोस्ट दहा हजारांच्या आसपास लोकांना दिसत होती. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि व्यावसायिक पाने आणखी मागे पडली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलेले निकषही हेच सुचवतात : लोक किती वेळ पाहतात, किती जण लाईक करतात आणि किती जण ते दुसऱ्याला पाठवतात. फॉलोअरचा आकडा या तिघांत नाही.

त्यातले कितीतरी फॉलोअर तर माणसेच नसतात. जुलै २०१८ मध्ये ट्विटरने संशयावरून गोठवलेली खाती मोजणीतून वगळली, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या खात्याचे सुमारे ७७ लाख फॉलोअर गळाले. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने देवुमी या कंपनीचा बनावट फॉलोअरचा बाजार उघडकीला आणला. आपल्याकडे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशाच विक्रीचा तपास हाती घेतला होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये नियम करून बनावट फॉलोअर विकणे आणि जाणूनबुजून विकत घेणे, दोन्हींवर बंदी घातली. हे सारे जगजाहीर असताना ‘पाचशे रुपयांत हजार फॉलोअर’ छापाच्या जाहिरातींना भुलणारे अजूनही भेटतात, याचा संताप येतो. विकत आणलेला फॉलोअर पोस्ट पाहत नाही, बहिणीला पाठवत नाही, भाव विचारत नाही. पैसे गेले ते गेलेच.

मग नाते कुठे जुळते? हापूसच्या धंद्यात ते स्पष्ट दिसते. २०२० च्या टाळेबंदीत बाजाराची घडी विस्कटली, तेव्हा कोकणातल्या अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑर्डर घेऊन पेट्या थेट पोहोचवल्या. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फार मोठी नसते. एका यादीत २५६ जण मावतात. त्यातही संदेश पोहोचतो तो फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांना. नंबर सेव्ह करणारा माणूस पुढच्या हंगामात तुमची आठवण ठेवणार असतो.

आणि या नात्याची परीक्षा पेटी पोहोचल्यावर होते. हापूसमध्ये साका निघतो, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. फळ बाहेरून देखणे, केशरी. कापले की आत पांढुरका, पोकळ गर. बाहेरून पाहून ते बागायतदारालाही कळत नाही. गिऱ्हाईक कापलेल्या फोडीचा फोटो पाठवते. ‘फोटो पाहिला. हा साका आहे, वरून ओळखता येत नाही. किती फळं निघाली सांगा, पुढच्या पेटीत तेवढी जास्त टाकतो,’ एवढे तासाभरात लिहिले, तर ते गिऱ्हाईक टिकते आणि शेजाऱ्यालाही नंबर देते. निळ्या टिका दिसूनही उत्तर आले नाही आणि दुसऱ्या दिवशी ‘अस्सल देवगड’ची झगमगती रील आली, तर त्या रीलला कितीही लाईक पडोत, ते घर गेले.

यातूनच दुसरा गैरसमज समोर येतो : नकारात्मक प्रतिक्रिया डिलीट करून टाकाव्यात. मार्च २०१० मध्ये पाम तेलावरून ग्रीनपीसने नेस्लेविरुद्ध मोहीम उघडली. तेव्हा कंपनीच्या फेसबुक पानावरून टीकाकारांना कमेंट काढून टाकण्याची तंबी देण्यात आली आणि वाद विझण्याऐवजी भडकला. याउलट प्रोसर्पिओ आणि झर्व्हास या संशोधकांनी ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरील हॉटेलांचा अभ्यास केला. ज्या हॉटेलांनी अभिप्रायांना उत्तरे द्यायला सुरुवात केली, त्यांना १२ टक्के अधिक अभिप्राय मिळाले आणि त्यांचे मानांकन सरासरी ०.१२ ताऱ्यांनी वाढले. वाढ किरकोळ वाटेल, पण ती केवळ उत्तर दिल्याने झालेली आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राला २०१७ मध्ये असे आढळले की खरेदीची शक्यता ४ ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते. पाचपैकी पाच दिसले की लोकांना शंका येते.

उत्तराची ताकद आपल्या रेल्वेनेही दाखवली आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावजवळ धावत्या गाडीतून एका महिला प्रवाशाने, सहप्रवासी त्रास देत असल्याचे रेल्वे मंत्रालयाला ट्विट करून कळवले. भुसावळला पोलीस तिच्या मदतीला आले. तिचे फॉलोअर किती, हे कोणी मोजले नाही.

आणखी काही समजुती थोडक्यात :

‘रोज पोस्ट हवीच.’ नको. सांगण्यासारखे असेल तेव्हा लिहा; उत्तरे मात्र रोज द्या.

‘गिव्हअवे केला की लोक जोडले जातात.’ जोडले जातात ते बक्षिसाला. निकाल लागला की निघून जातात.

‘मोठा इन्फ्लुएन्सर घेतला की काम झाले.’ त्याला पैसे दिले असतील तर ते उघड सांगणे भारतात बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘ऑटो-रिप्लाय म्हणजे प्रतिसाद.’ ती फक्त पोच. प्रश्न तसाच राहतो.

‘ओळखीच्यांकडून पाच-पाच तारे घेण्यात गैर काय?’ गैर आहे. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकच आणले आहे.

सोशल मीडियावर धंदा करणाऱ्यांनी आज एवढे तरी करावे : नवी रील बनवण्याआधी इनबॉक्स उघडावा, न वाचलेले मेसेज आणि उत्तर न दिलेल्या कमेंट पाहाव्यात, आणि प्रत्येकाला नावानिशी उत्तर द्यावे. महिन्याच्या शेवटी फॉलोअर किती वाढले हे न मोजता, दुसऱ्यांदा ऑर्डर देणारे किती, हे वहीत लिहावे.