समतुल्यता तत्त्व

वस्तूचे निरूढीय वस्तुमान व गुरुत्वीय वस्तुमान ही परस्परांशी तुल्य असतात, असे सांगणारे भौतिकीतील तत्त्व. न्यूटन यांच्या गतिविषयक दुसऱ्या नियमानुसार वस्तूवरील प्रेरणा ही तिचे वस्तुमान व तिला मिळालेला प्रवेग यांच्या गुणाकाराइतकी असते. हे वस्तुमान म्हणजे गतीतील बदलास वस्तूकडून होणाऱ्या विरोधाचे माप असून त्यास निरूढीय वस्तुमान म्हणतात. याउलट, वस्तूवर किती गुरुत्वाकर्षण होते याचे माप म्हणजे गुरुत्वीय वस्तुमान होय. या व्याख्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. त्यामुळे दोन्ही वस्तुमाने समान असलीच पाहिजेत, असे यामिकीच्या नियमांवरून निष्पन्न होत नाही.

इतर मूलभूत प्रेरणांशी तुलना केल्यास या समानतेचे वैशिष्ट्य लक्षात येते. विद्युत् प्रेरणा विद्युत् भारावर अवलंबून असते. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्यावरील भारांचे मूल्य सारखेच असते. परंतु प्रोटॉनाचे वस्तुमान सु. १,८३६ पट असल्याने एकाच विद्युत् क्षेत्रात इलेक्ट्रॉनाचा प्रवेग तितक्याच पटींनी अधिक असतो. अणुकेंद्रातील प्रबल प्रेरणा तर इलेक्ट्रॉनावर मुळीच कार्य करीत नाही. गुरुत्वाकर्षणात मात्र ज्या प्रमाणात प्रेरणा अधिक त्याच प्रमाणात निरूढीही अधिक असते. म्हणून हवेचा विरोध नसल्यास सर्व वस्तू एकाच प्रवेगाने पडतात. अपोलो-१५ मोहिमेत २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एकाच वेळी सोडलेली हातोडी व पीस बरोबरच खाली पडली.

प्रायोगिक पडताळा : न्यूटन यांनी सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी व गहू हे पदार्थ समान लांबीच्या लंबकांत वापरून त्यांचे आवर्तनकाल ताडून पाहिले. हजारात एक भाग इतक्या अचूकतेपर्यंत त्यांत फरक आढळला नाही. हंगेरियन भौतिकीविज्ञ रोलांड एटव्हश (१८४८–१९१९) यांनी बारीक तारेला आडवी दांडी टांगून तिच्या टोकांना भिन्न पदार्थ लावले. पृथ्वीचे आकर्षण गुरुत्वीय वस्तुमानावर, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे जाणवणारी केंद्रोत्सारी प्रेरणा निरूढीय वस्तुमानावर अवलंबून असते. दोन पदार्थांत या वस्तुमानांचे गुणोत्तर वेगळे असते, तर तारेला पीळ बसला असता. तसा पीळ आढळला नाही. २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच कृत्रिम उपग्रहात प्लॅटिनम व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूंची तुलना करण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार १०¹⁵ भागांत काही भाग इतक्या सूक्ष्मतेपर्यंतही फरक दिसला नाही.

महत्त्व : ही समानता केवळ योगायोग नसावी, असा विचार आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये मांडला. बंद कक्षातील निरीक्षकाला आपला कक्ष पृथ्वीवर स्थिर आहे, की अवकाशात तितक्याच प्रवेगाने वर जात आहे, हे आतील प्रयोगांवरून ओळखता येणार नाही. याच विचारातून १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्णत्वास गेला व गुरुत्वाकर्षण हा अवकाश-कालाच्या वक्रतेचा परिणाम मानला जाऊ लागला. मूलभूत प्रेरणांचे एकीकरण करू पाहणाऱ्या काही सिद्धांतांनुसार या समानतेत अतिसूक्ष्म तफावत संभवते. तशी तफावत आढळल्यास व्यापक सापेक्षता सिद्धांतात दुरुस्ती करावी लागेल. म्हणूनच हे प्रयोग अधिकाधिक अचूकतेने केले जातात.