मोठ्या कॅमेऱ्यात छोटी फिल्म

हॅसलब्लाडसारख्या मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याची मागची पेटी, म्हणजे मॅगझिन, १२० नंबरच्या फिल्मसाठी बनवलेली असते. कोडॅकने ही फिल्म १९०१मध्ये आणली. तिची रुंदी सुमारे ६१ मिलिमीटर आणि तिला पाठीमागे कागद असतो. तरीही याच पेटीत साधी ३५ मिलिमीटरची फिल्म बसवता येते. ती चित्रखिडकीच्या नेमकी मधोमध धरण्यासाठी तिच्या डबीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचे जोड लावतात. गुंडाळणारे रीळ मात्र १२०चेच राहते.

फिल्म खिडकीपेक्षा अरुंद असल्याने चित्र तिच्या कडेच्या छिद्रांवरही उमटते. अशी सुमारे ३५ बाय ५६ मिलिमीटरची लांबट, छिद्रांसकट चौकट मला फार देखणी वाटते. हॅसलब्लाडमध्ये फिल्म उभी सरकते, म्हणून आडवे दृश्य हवे असेल तर कॅमेराच आडवा धरावा लागतो.

पेटी निवडताना २२०ची निवडावी. २२० फिल्मच्या चित्रांमागे कागद नसतो, त्यामुळे तिची पेटी बिनकागदी फिल्मच्या जाडीला जुळते. शिवाय तीत २४ चित्रे मोजली जातात. १२०च्या पेटीत मोजणी १२वर थांबते आणि बरीच फिल्म कोरी राहते.

खरी काळजी शेवटी घ्यायची. फिल्म परत डबीत गुंडाळण्याची सोय इथे नसते. पेटी उजेडात उघडली तर सगळे गेलेच! ती अंधाऱ्या खोलीत किंवा चेंजिंग बॅगेतच उघडावी. मागे लाल खिडकी असलेला जुना कॅमेरा असेल, तर या फिल्ममागे उजेड अडवणारा कागद नसल्याने त्या खिडकीवर फिल्म भरण्याआधीच काळी चिकटपट्टी लावावी.